साठांचा यंत्रमानव आणि चौघांचा हात

मसोली

डहाणूला कुणी मुद्दाम जात नाही. गुजरातकडे निघालेली माणसं डहाणू रोड स्टेशनवर खिडकीतून हात बाहेर काढून चिकू घेतात आणि पुढे जातात. मी मात्र नाताळच्या सुट्टीत सांगलीहून थेट डहाणूलाच गेले, आणि तेही हेडमास्तरांच्या सांगण्यावरून. शाळेच्या कामासाठी माणूस स्वतःची सुट्टी खर्च करतो, यावरून आमच्या शाळेचा कारभार ध्यानात यावा.

झालं असं, की आमच्या हेडमास्तरांना कुठल्याशा शिबिरात कळलं, डहाणूच्या एका शाळेच्या विज्ञान मंडळात साठ मुलं आहेत आणि त्या साठांनी मिळून यंत्रमानव केला आहे. आमचं मंडळ मी चालवते, आणि त्यात सहा मुलं आहेत. सुरुवातीला तीसेक होती. दोनदा गैरहजर राहिला की नाव कमी, असा माझा नियम. गाळून गाळून सहा उरली, आणि ती खणखणीत आहेत असं माझं मत.

"सहा म्हणजे मंडळ नव्हे, कुटुंब झालं," हेडमास्तर म्हणाले. "तुमचा भाऊ तिकडेच आहे ना? जाऊन बघून या त्यांनी साठ कशी टिकवली."

माझा धाकटा भाऊ श्रीकांत डहाणू रोडला रेल्वेच्या बुकिंगमध्ये आहे. मसोलीत भाड्याच्या घरात राहतो. मी पोचले तेव्हा माझी भावजय शैला बोंबील तळत होती. आम्ही सांगलीकर मासा खातो तो कृष्णेतला, आणि खाण्यापेक्षा काटे काढण्यातच आमचं जेवण संपतं. बोंबलाला काटा असून नसल्यासारखा. मी किती खाल्ले ते शैलाने मोजलं नाही, हा तिचा चांगुलपणा.

जेवताना कळलं, की आठवीतली माझी भाची मृणाल त्या साठांपैकीच एक आहे आणि साधी सभासद नव्हे, पदाधिकारी आहे. हार विभागप्रमुख.

"म्हणजे काय करतेस?" मी विचारलं.

"पाहुणे आले की रोबोटच्या हातात हार ठेवते."

"आणि मग?"

"मग माझा विभाग संपतो."

श्रीकांत भात कालवत कौतुकाने हसला. "ताई, हे पद मिळवायला मी पाठकसरांकडे दोनदा गेलो. स्टेशन मास्तरांची मुलगी सुद्धा हारच मागत होती."

डहाणू

पाठकसर म्हणजे त्या मंडळाचे प्रमुख. गोरे, टापटीप, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे कुणी मोठं माणूस येतंय का ते बघणारे. त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. यंत्रमानव कोपऱ्यात उभा होता. पुरुषभर उंच, चंदेरी रंग, डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल दिवे, पोटावर शाळेचं बोधचिन्ह. मान्य करायला हवं, दिसायला झकास होता.

भिंतीवर मंडळाचा फोटो होता. साठ मुलं, पाठकसर, संस्थेचे पदाधिकारी, आणि सगळ्यांच्या मागे कुठेतरी यंत्रमानवाच्या डोक्याचा वरचा भाग.

"साठ कशाला लागतात?" मी विचारलं.

"लागत नाहीत हो. पण तहसील कचेरीतल्या साहेबांच्या मुलाला घेतलं, तर बँकेतल्या साहेबांच्या मुलाला नाही कसं म्हणायचं? बँकेचा घेतला की रेल्वेवाले आलेच. मग आम्ही विभाग पाडले. हार विभाग, निवेदन विभाग, पुसणी विभाग. कुणी नाराज नाही."

"यंत्र कुणी केलं?"

"वापीला आमचे साडू फिटर आहेत. त्यांनी सांगाडा करून दिला. आणि मोटारी बसवून दिल्या. वायरिंगही त्यांचंच."

"आणि मुलांनी?"

"कल्पना मुलांची."

"कुठली कल्पना?"

"की यंत्रमानव करू या," पाठकसर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

मी म्हटलं, आता चालवून तरी दाखवा. तेव्हा कळलं, की चालवायचं बटण असलेली पेटी स्विच विभागाकडे असते आणि त्या विभागाचा प्रमुख मामेबहिणीच्या लग्नाला सुरतेला गेला आहे. उपप्रमुख गावातच होता, पण आपल्याला प्रमुख केलं नाही म्हणून त्याने दिवाळीपासून पेटीला हात लावलेला नाही. बाकीच्या अठ्ठावन्न जणांनी ती पेटी उघडून पाहिली नव्हती, कारण तो त्यांचा विभाग नव्हे. बारभाईंचा कारभार बाराच माणसांत बुडतो असं ऐकलं होतं. इथे तर साठ होती.

"काळजी नको," पाठकसर म्हणाले. "तलासरीच्या तालुका प्रदर्शनात उद्घाटनाला आमचा यंत्रमानव खास बोलावलाय. तिथे बघाच."

मी उभा असलेला यंत्रमानव नीट पाहून घेतला आणि परत आले.

कोसबाड

दुसऱ्या दिवशी शैलाने मला कोसबाडच्या टेकडीवर नेलं. खाली चिकूच्या वाड्यांचा गडद हिरवा पट्टा, त्यापलीकडे ताडाची झाडं आणि मग समुद्राची पांढरट रेघ. आमच्याकडे टेकडीवरून पाहिलं की ऊस दिसतो. ऊस पाहून माणसाला कारखाना आठवतो. इथे पाहून काहीच आठवत नाही, नुसतं बरं वाटतं.

टेकडीवर शिक्षकांचं कसलंसं प्रशिक्षण चाललं होतं. जेवणाच्या सुट्टीत झाडाखाली एक बाई डबा खात बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला हाक मारून बसवलं आणि नागलीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. सुमनबाई त्यांचं नाव. तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळ उधवा म्हणून गाव आहे, तिथे त्या विज्ञान शिकवतात. मी साठांची गोष्ट सांगितली तशा त्या इतक्या हसल्या की ठसका लागला.

"आमचे हेडसर डहाणूचा तोच यंत्रमानव बघून आलेत," त्या पाणी पिऊन म्हणाल्या. "तेव्हापासून माझ्या मागे लागलेत. माझ्या मंडळात चौघं आहेत. हेडसर म्हणतात, चार पोरांसाठी अख्खी खोली? ग्रामपंचायतीचा टीव्ही यायचाय, त्याला जागा पाहिजे. आता शेवटचं सांगितलंय, तलासरीला पहिला नंबर आणलात तर खोली तुमची. नाही तर सोमवारी टीव्ही."

"चौघांनी काय केलंय?"

"या ना बघायला," सुमनबाई म्हणाल्या. "एसटी आहे. म्हणजे असते कधी कधी."

उधवा

एसटी होती. ती कशी होती हे सांगण्यात अर्थ नाही. पोचले हेच पुष्कळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवताच्या गंज्या रचलेल्या होत्या. भात कापून झालं की इकडे गवताची कापणी सुरू होते, आणि लहानमोठं सगळं घर त्यात असतं. इकडच्या शाळेला नाताळची सुट्टी नव्हती, तरी निम्मे वर्ग रिकामे होते.

खोली म्हणजे कौलारू, एका खिडकीची, फळीचं एक टेबल असलेली. त्या टेबलावर एक हात होता. खोक्याच्या फळ्या आणि बांबूच्या कांबी जोडून केलेला, खांद्यापासून बोटांपर्यंत माझ्या हाताएवढा. त्याला सलाईनच्या लांबलचक नळ्या जोडलेल्या, नळ्यांत निळीचं पाणी, आणि नळ्यांच्या टोकाला गुरांच्या दवाखान्यातून मागून आणलेल्या जाड सिरिंजा. सिरिंजचा दट्ट्या दाबला की पाणी पुढे सरकतं आणि हात हलतो. एका सिरिंजेने हात गोल फिरतो, दुसरीने खांदा उचलतो, तिसरीने कोपर वाकतो, चौथीने बोटं मिटतात. सिरिंज मोठी म्हणून ती धरायला एक हात आणि दाबायला दुसरा. म्हणजे चार सिरिंजांना चार मुलं. त्यात एक कमी झालं तर हात लुळा.

मुलं आली. सविता आठवीतली, चौघांत मोठी; बोटं तिच्याकडे. वनिता खांदा उचलायची, रमेश हात फिरवायचा. चौथा लहानू, त्याच्याकडे कोपर. पण चौथ्या जागी एक एवढीशी मुलगी येऊन उभी राहिली.

"लहानू कुठाय?" मी विचारलं.

"तो नाय आला. गवत भरायचाय त्यांना," सविता म्हणाली. "त्याची बहीण आली. पारू."

"ही मंडळात आहे?"

"त्याच्या घरातली हाय ना."

माझ्यातली सांगली लगेच जागी झाली. मी सुमनबाईंना म्हटलं, अहो, ज्याचं नाव आहे तो गैरहजर, आणि जिचं नाव नाही ती हजर, याला काय निष्ठा म्हणायची? आमच्याकडे अशाचं नाव कमी करतात.

"मग माझ्याकडे नुसतं टेबल उरेल," सुमनबाई म्हणाल्या. "इथे जागा मुलाची नसते, घराची असते. लावणीच्या वेळी एकमेकांच्या शेतात माणूस द्यायचं असतं. कोण द्यायचं ते घर ठरवतं, पण रिकामी जागा ठेवायची नाही. ही मुलं मंडळालाही तसंच धरून चालतात. लहानूला यायचं नसेल तर आदल्या दिवशी तो पारूला शिकवून ठेवतो. वर्षभरात माझ्याकडे चाराची तीन कधी झाली नाहीत."

आमच्याकडे याला सावड म्हणतात आणि ती बैलांपुरती असते. विज्ञान मंडळात सावड मी पहिल्यांदाच पाहिली.

सविताने टेबलावर एक चिकू ठेवला. कुणी हुकूम दिला नाही, मोजलं नाही. रमेशने हात फिरवला, पारूने ओठ दाताखाली धरून कोपर वाकवला, वनिताने खांदा खाली आणला, सविताने बोटं मिटली. चिकू उचलला गेला, हवेतून फिरला आणि टोपलीत पडला. पिकलेला चिकू, पण त्याच्या सालीवर खूणसुद्धा नव्हती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या खणखणीत सहा जणांनी गेल्या वर्षी पाणी शुद्ध करण्याचा तक्ता काढला होता.

तेवढ्यात हेडसर डोकावले. त्यांच्या हातात मोजायची टेप होती. त्यांनी मला नमस्कार केला, भिंत मोजली आणि टीव्हीचं लाकडी कपाट कुठे बसेल ते खडूने आखून गेले. सुमनबाईंनी ती खूण पुसली नाही, पण त्यांचा चेहरा उतरला. मुलांनी मात्र दुसरा चिकू लावला होता.

तलासरी

प्रदर्शन हायवेजवळच्या एका शाळेच्या पटांगणात होतं. मांडव घातला होता, आणि मांडवात शिरताच कळलं, की तालुक्यात सध्या ज्वालामुखीचं पीक चांगलं आलं आहे. जिथे पाहावं तिथे मातीचे डोंगर, आणि त्यातून सोडा फसफसून बाहेर येतोय. या भागात ज्वालामुखी नाही, पण गुरुजींकडे सोडा होता.

उद्घाटनाला डहाणूचा यंत्रमानव टेंपोतून आला. बरोबर साठपैकी वीसेक पदाधिकारी आणि तेवढेच पालक. सुरतेचं लग्न अजून उरकलं नव्हतं. उपप्रमुखाची समजूत पाठकसरांनी सकाळी काढली होती म्हणे, पण ती नुसती हो म्हणण्यापुरतीच निघाली होती.

पाहुणे खुर्चीत बसले. मृणालने यंत्रमानवाच्या हातात हार ठेवला आणि ती बाजूला झाली. तिचा विभाग संपला. निवेदन विभागाने माईकवर सुरू केलं, "मी यंत्रमानव. मी थकत नाही, मी थांबत नाही." उपप्रमुखाने बटण दाबलं. यंत्रमानव डोळे लाल करून चालू लागला. पाहुण्यांपाशी आला, त्याने हार उंच धरला आणि मग थांबायचं ते थांबला नाही. उपप्रमुखाने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. यंत्रमानव पाहुण्यांना खुर्चीसकट मागे ढकलत निघाला. "मी थांबत नाही," माईक सांगतच होता, कारण निवेदन करणाऱ्या मुलाला कागदाबाहेर बघायची सवय नव्हती. पाहुण्यांनी पाय वर घेतले. अठरा-एकोणीस पदाधिकारी आपापल्या जागी शिस्तीत उभे होते. थांबवण्याचा विभागच नव्हता. शेवटी खुर्ची मांडवाच्या बांबूला टेकली, यंत्रमानव पाहुण्यांच्या मांडीवर ओणवा झाला आणि त्यांना हार पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम तसाच बसवलेला आहे असं बहुतेकांना वाटलं.

"एकदम जिवंत वाटतो हो," माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले. मी म्हटलं, पाहुणे ना?

मग परीक्षण सुरू झालं. प्रत्येक टेबलासमोर चुन्याची रेघ आखली होती आणि नियम असा, की रेघेच्या आत दोनच विद्यार्थी. उधव्याच्या टेबलाशी चौघं उभी होती. लहानू गवताला, पारू हजर.

परीक्षक तालुक्याबाहेरून आलेले, चष्मा कपाळावर चढवलेले, सकाळपासून सोडा बघून कंटाळलेले. "दोघांनी बाहेर व्हा," ते म्हणाले.

सुमनबाई पांढऱ्या पडल्या. मी नियमाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तोवर सविताने रमेशला आणि पारूला काहीतरी सांगितलं. दोघं आपापल्या सिरिंजा घेऊन चुन्याच्या रेघेपलीकडे गेली. सलाईनच्या नळ्या चांगल्या लांब होत्या. त्या रेघेवरून ताणल्या गेल्या. वनिता आणि सविता रेघेच्या आत, रमेश आणि पारू बाहेर, आणि चिकू टोपलीत.

परीक्षकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "पुन्हा करा," म्हणाले. पुन्हा केलं. मग ते हसायलाच लागले. "नियमात नळीबद्दल काही नाही," त्यांनी सुमनबाईंना सांगितलं. "बाई, पहिला नंबर तुमचा. दोन नावं सांगा, प्रमाणपत्रावर घालतो."

सुमनबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, खोली वाचली.

"कुणाची नावं, सविता?" बाईंनी विचारलं. "तुझं आणि वनिताचं सांग."

सविताने मागे वळून रमेशकडे पाहिलं, पारूकडे पाहिलं. मग परीक्षकांना म्हणाली, "चार घरांची लिवा."

"चार नाही लिहिता येत. दोनच."

"मग नको."

"नको काय, नको काय?" माझ्याच्याने राहवेना. "अगं, नाव म्हणजे नुसतं कागदावर असतं. सांगून टाक दोन."

"कागदावर दोघांचा लिवला का उद्या दुसरी दोन घरं कशाला येतील?" ती म्हणाली. तिला राग आला नव्हता. मला साधी गोष्ट कळत नाही याचंच नवल वाटत होतं. "मग हात उचलील कोण?"

"बाळ, एकदा नंबर मिळाला की उचलायची गरजच काय?" परीक्षक म्हणाले. माणूस मनाचा चांगला होता. इतक्या वर्षांच्या प्रदर्शनांचं सार त्याने अगदी मोफत सांगितलं.

सविताने मान हलवली. पाहुण्यांच्या जेवणाची वेळ झाली होती म्हणून परीक्षक पुढे गेले. पहिला नंबर एका ज्वालामुखीला मिळाला. त्याची दोन मुलं एकसारखे बूट घालून आली होती आणि एकाच वेळी एकच वाक्य बोलत होती.

जीपमध्ये

उधव्याकडे जायला तलासरी नाक्यावर काळीपिवळी जीप मिळाली. तिच्यात किती माणसं कोंबली होती ते सांगितलं तर सांगलीत कुणी विश्वास ठेवणार नाही. चौघं मागच्या बाकावर, लाकडी हात त्यांच्या मांड्यांवर आडवा. चिकू त्यांनी परीक्षण संपताच खाऊन टाकला होता.

सुमनबाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग त्यांचा बांध फुटला. "दोन नावं, सविता. नुसती दोन नावं. सोमवारी हेडसर तिथे टीव्ही बसवतील. वर्षभर मी त्या खोलीसाठी त्यांचं काय काय ऐकून घेतलं, तुला ठाऊक आहे. दोन नावं सांगितली असतीस तर खोली राहिली असती."

मलाही सविताचा राग आला होता. एवढी हुशार मुलगी आणि एवढा हट्ट. तिने पारूला हातातली सिरिंज नीट धरायला लावली. रस्ता खराब होता आणि दट्ट्या निसटत होता.

"बाय," सविता म्हणाली, "खोली चौघांना लागते. दोघां काय, कुठंपण मावतात."

जीप खड्ड्यातून गेली तेव्हा सुमनबाईंनी हात पुढे करून लाकडी कोपर धरला, आणि उधवा येईपर्यंत सोडला नाही.